मरळीत पिवळ्या गाठी दिसल्या तर

परवा लिंबोटी धरणावर शेजारच्या पोराच्या गळाला झकास मरळ लागली. चिरली, तर मांसात ज्वारीच्या दाण्याएवढ्या पिवळसर गाठी. विषारी म्हणून तो फेकायला निघाला. मी थांबवलं.

त्या गाठींत जंताची पिल्लं असतात.

हा चपटा जंत मोठा होतो बगळ्याच्या घशात. त्याची अंडी पाण्यात पडतात. अळी आधी पाण्यातल्या गोगलगायीत वाढते, मग माशाच्या कातडीतून आत शिरते आणि गाठ करून थांबते. तो मासा बगळ्यानं गिळला की चक्र पूर्ण! म्हणजे गोगलगायी आणि बगळे असलेल्या उथळ काठाला असे मासे मिळणारच.

वांब माशाच्या आतड्यात पांढरी फीत दिसते, ती वेगळी: पट्टकृमी, सेंगा. यावर मराठवाड्यात फार मोलाचं काम झालंय. शिंदे आणि जाधव या संशोधकांनी १९८० मध्ये एका जातीला आपल्या नदीचं नाव दिलं, सेंगा गोदावरी. मला याचा फार अभिमान वाटतो.

मग गाठी असलेली मरळ खायची का? गाठी सुरीनं काढा, आतडी टाका, मासा आतपर्यंत नीट शिजवा (६३ अंशांच्या वर). खुशाल खा. पण काठावर शेकोटीत अर्धकच्चा भाजलेला नको. मरळीत नॅथोस्टोमा हा गोल जंतही असू शकतो. थायलंडमध्ये कच्ची मरळ खाणाऱ्यांच्या कातडीखाली तो फिरतो.

कच्ची आतडी कुत्र्या-मांजरांना घालू नका, नॅथोस्टोमा त्यांच्याच पोटात मोठा होतो. पुरून टाका.

तुम्हाला कुठल्या माशात काय दिसलं? फोटो टाका, काही विचारायचं असेल तर विचारा.