हीट नंबर

भिलाई पोलाद कारखान्याच्या स्टील मेल्टिंग शॉपमध्ये कन्व्हर्टरमधून, म्हणजे पोलाद बनवण्याच्या भांड्यातून, एका खेपेला निघणाऱ्या पोलादाला 'हीट' म्हणतात. मे महिन्यात बाहेर अंग भाजून काढणारं ऊन असतं, तरी इथे 'हीट कधी?' या प्रश्नाचा उन्हाळ्याशी संबंध नसतो. इंग्रजीत धावण्याच्या शर्यतीची प्राथमिक फेरीही हीटच. स्पॅनिशमध्ये मात्र तिन्हींना वेगळे शब्द आहेत: उष्णतेला 'कालोर', फेरीला 'एलिमिनातोरिया' आणि पोलादाच्या खेपेला 'कोलादा'.

आधी कन्व्हर्टरमध्ये भंगार पडतं, मग ब्लास्ट फर्नेसमधला लोखंडाचा रस ओततात. त्यात चार टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो. लान्स, म्हणजे ऑक्सिजन सोडणारी नळी, खाली उतरते, ऑक्सिजनचा झोत सुरू होतो आणि पंधरा-वीस मिनिटं कार्बन जळत राहतो. चुना फॉस्फरस ओढून स्लॅगमध्ये, म्हणजे वर तरंगणाऱ्या मळीत, नेतो. कार्बन संपत आला की तोंडाशी उसळणारी ज्वाळा बसते. जुन्या हातांना ते नजरेनंच कळतं. तरी नमुना प्रयोगशाळेत जातोच. आकडे जुळले की कन्व्हर्टर कलंडतो आणि सोळाशे अंशांहून अधिक तापलेलं पोलाद लॅडलमध्ये, म्हणजे मोठ्या बादलीत, कोसळतं.

रुळासाठीची हीट असेल तर काम इथे संपत नाही. मँगनीज आणि कार्बन हिशेबानं पुन्हा मिसळावे लागतात. पोलादात मुरलेला हायड्रोजन निर्वाताखाली काढावा लागतो. तो राहिला तर रुळाच्या पोटात केसासारख्या भेगा पडतात आणि चाकांच्या माऱ्यानं त्या वाढत जातात.

मग ब्लूम, म्हणजे पोलादाचे लांबट ठोकळे, ओततात आणि त्यांचे रूळ लाटतात. रूळ तापलेला असतानाच त्याच्या मधल्या उभ्या भागावर हीट नंबर, म्हणजे त्या खेपेचा क्रमांक, ठोकला जातो. सोव्हिएत संघाशी १९५५ साली झालेल्या करारातून भिलाईचा हा कारखाना उभा राहिला. त्याची पहिली ब्लास्ट फर्नेस ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. पुढे देशभरच्या रेल्वेमार्गांवर भिलाईचे रूळ पसरले आहेत.

एखाद्या रुळाला तडा गेला, तर चौकशी करणारे आधी त्यावरचा हीट नंबर वाचतात. त्यावरून त्या खेपेचं रसायन आणि तिच्या नोंदी काढता येतात, त्याच खेपेतले इतर रूळ तपासता येतात. लाखो प्रवाशांचा भार पेलणाऱ्या पोलादाची जबाबदारी अशी नंबरासकट लिहून ठेवलेली असते, आणि ती तशीच असायला हवी.