विद्यार्थी नसलेलं कॉलेज

लंडनच्या हॉलबर्न भागात एका बोळातून आत गेलं की बार्नर्ड्स इन ही जुनी वास्तू लागते. डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मधला पिप लंडनला आल्यावर इथंच मुक्काम करतो. तिथल्या मध्ययुगीन सभागृहात ग्रेशम कॉलेजची व्याख्यानं होतात. व्याख्यान तासाभराचं, प्रवेश मोफत. या कॉलेजात कोणी नाव घालत नाही, परीक्षा देत नाही की पदवी घेऊन बाहेर पडत नाही. १५९७ पासून कॉलेजात माणसं येतात ती फक्त ऐकायला.

वाईट पैसा चांगल्या पैशाला चलनातून हाकलतो, हा ज्याच्या नावाचा नियम अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवतात, तोच हा सर टॉमस ग्रेशम. पहिल्या एलिझाबेथ राणीसाठी परदेशात कर्ज उभारणारा, लंडनमध्ये रॉयल एक्स्चेंज हे व्यापाराचं केंद्र बांधणारा व्यापारी. तो १५७९ मध्ये वारला. एक्स्चेंजच्या उत्पन्नातून सात प्राध्यापक नेमावेत, प्रत्येकाला वर्षाला ५० पौंड द्यावेत आणि आपल्या राहत्या वाड्यात त्यांची सोय करावी, असं त्यानं मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं. खगोल, भूमिती, वैद्यक, कायदा, धर्मशास्त्र, वक्तृत्व आणि संगीत हे विषय. प्राध्यापक मात्र अविवाहित हवा. संगीताचे पहिले प्राध्यापक जॉन बुल यांना १६०७ मध्ये लग्नापायी पद सोडावं लागलं.

व्याख्यानं लॅटिनमध्ये आणि इंग्रजीतही व्हायची. या योजनेतली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच, कारण लॅटिन विद्वानांची भाषा होती आणि इंग्रजी बंदरातल्या माणसांची. खगोलाच्या प्राध्यापकानं खलाशांना झेपेल अशा रीतीनं उपकरणं वापरायला शिकवावं, असं नियमांतच होतं. ताऱ्याची उंची मोजता आली तर भरसमुद्रात जहाज कुठवर आलं याचा अंदाज येतो. ही विद्या ज्याला रोज लागते त्याच्या भाषेत ती पोचली पाहिजे, हे तेव्हा कुणाला तरी कळलं होतं.

भूमितीचे पहिले प्राध्यापक हेन्री ब्रिग्ज. स्कॉटलंडच्या जॉन नेपियरनं १६१४ मध्ये लॉगॅरिदम जाहीर केले, तेव्हा ब्रिग्ज इतके भारावले की पुढच्याच वर्षी थेट एडिंबरोला जाऊन त्यांना भेटले. लॉगॅरिदमचा पाया १० धरावा, हे दोघांच्या चर्चेतून ठरलं. १६१७ मध्ये ब्रिग्जनी पहिल्या हजार संख्यांचा तक्ता छापला, चौदा दशांश स्थळांपर्यंत. कॅल्क्युलेटर येण्याआधी आपल्याकडच्या पोरांनी ज्या लॉग टेबलवर गणितं सोडवली, त्याचं मूळ तिथं आहे.

२८ नोव्हेंबर १६६० रोजी याच कॉलेजात खगोलाचे प्राध्यापक ख्रिस्टोफर रेन यांचं व्याख्यान संपल्यावर बारा जण मागे थांबले आणि त्या बैठकीतून रॉयल सोसायटी ही विज्ञानसंस्था उभी राहिली. पुढं वाडा पाडला गेला, जागा बदलत गेल्या, आणि १९९१ मध्ये कॉलेज बार्नर्ड्स इनमध्ये आलं.

२००१ पासून व्याख्यानांचं चित्रीकरण करून ती इंटरनेटवर ठेवायला सुरुवात झाली. आज तिथं दोन हजारांहून अधिक व्याख्यानं कोणालाही, कधीही, मोफत पाहता येतात. भूमितीच्या प्राध्यापकपदावर गणिती रॉजर पेनरोज येऊन गेले. २०२० मध्ये सारा हार्ट त्यावर आल्या, त्या या पदावरच्या पहिल्या महिला. जुन्या सात विषयांत वाणिज्य, पर्यावरण, माहिती तंत्रज्ञान यांची भर पडली. अलीकडे बऱ्याच ऑनलाइन अभ्यासक्रमांत शेवटी प्रमाणपत्र असतं आणि त्यासाठी पैसे मोजावे लागतात. नोकरीसाठी ते लागतंही. पण नोकरी संपवून घरी बसलेल्या माणसाला, किंवा चाळिशीत अचानक ताऱ्यांचं वेड लागलेल्या बाईला ते कशाला हवं? त्यांना हवा असतो तासभर नीट समजावून सांगणारा माणूस.

तास संपला की प्रश्न सुरू होतात. सभागृहातले हात वर जातात, आणि दूर कुठंतरी पडद्यासमोर बसलेल्यांनी टाइप करून पाठवलेले प्रश्नही वाचून दाखवले जातात.