विश्लेषण : टर्बो गाडीला स्वस्तातला ‘कस्टम’ इंटरकूलर बसतो, पण परवडतो का?

पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये बाजारात आली, टर्बो पेट्रोल नेक्सॉन २०१७ मध्ये आणि व्हेन्यू २०१९ मध्ये. या गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती आहेत. गाडी आवाक्यात आली, पण कंपनीचे सुटे भाग मात्र आवाक्यात आलेले नाहीत. त्यातच ‘मोठा इंटरकूलर टाक, गाडी उडेल’ असा सल्ला देणारे मित्र प्रत्येक नाक्यावर भेटतात. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात हे काम करून घेणे तुलनेने सोपे आहे, कारण पत्रा कापणारे, लेथवाले, रेडिएटर दुरुस्त करणारे आणि वेल्डर काही किलोमीटरच्या आत सापडतात. काम होईल, यात शंका नाही. त्यातून नेमके काय मिळते आणि काय जाऊ शकते, हे मात्र आधी समजून घ्यायला हवे.

इंटरकूलर नेमके काय करतो?

सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचा खालचा भाग तापतो. टर्बोत तेच घडते, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर एक चक्र फिरते, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलते. ही कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांची, पेटंट १९०५ चे. हवा दाबली की तापणारच.

किती तापते, याचा हिशेब अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षातल्या सूत्राने करता येतो. बाहेर ३५ अंश सेल्सिअस तापमान आहे, टर्बो ०.७ बार जादा दाब देतो आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के आहे असे धरू. टर्बोतून बाहेर पडणारी हवा साधारण १०७ अंशांवर पोहोचते. दाब १ बारवर नेला तर १३० अंशांच्या पुढे. गरम हवा विरळ असते, म्हणजे तेवढ्याच जागेत ऑक्सिजन कमी मावतो. पेट्रोल इंजिनात आणखी एक धोका असतो. हवा जास्त गरम असेल तर मिश्रण ठिणगीने नीट जळत जाण्याऐवजी उरलेला भाग आपोआप पेट घेतो आणि इंजिनातून ‘खटखट’ ऐकू येते. यालाच नॉकिंग म्हणतात. ते टाळण्यासाठी गाडीचा संगणक, म्हणजे ईसीयू, ठिणगी उशिरा देतो आणि ताकद कमी होते.

टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये बसवलेला, रेडिएटरसारखा दिसणारा अॅल्युमिनियमचा ठोकळा म्हणजे इंटरकूलर. आतून दाबलेली हवा जाते, बाहेरून वारा. पोर्शेने १९७८ मध्ये ९११ टर्बोला इंटरकूलर दिला तेव्हा त्याला जागा करून देण्यासाठी मागच्या पंखाचा आकारच बदलावा लागला होता. आपल्याकडे ही अक्षरे लोकांनी आधी ट्रकवर वाचली. टाटांच्या इंजिनांच्या नावांत ‘टीसी’ म्हणजे नुसता टर्बो आणि ‘टीसीआयसी’ म्हणजे टर्बो अधिक इंटरकूलर.

मग मोठा इंटरकूलर लावला की ताकद वाढते?

थोडी, आणि तीही अटींवर. वरच्याच उदाहरणात १०७ अंशांची हवा इंटरकूलरने ५५ अंशांवर आणली, तर हवेची घनता सुमारे १६ टक्क्यांनी वाढायला हवी. पण इंटरकूलरमधून जाताना हवेचा दाबही थोडा पडतो. स्वस्त, आतून अरुंद जाळीचा ठोकळा असेल आणि ०.१ बार दाब तिथेच गेला, तर १६ टक्क्यांचा फायदा ९ टक्क्यांवर येतो. शिवाय हा फायदा इंटरकूलरच नसलेल्या इंजिनाच्या तुलनेत आहे. आजच्या जवळपास प्रत्येक टर्बो मोटारीत कंपनीचा इंटरकूलर असतोच. तो ५५ अंशांवर आणत असेल आणि नवा ४८ वर, तर फरक दोन टक्क्यांच्या आसपासचा.

म्हणून खरा उपयोग वेगळ्या ठिकाणी दिसतो. लागोपाठ जोरात चालवताना, म्हणजे माळशेजसारखा घाट चढताना किंवा आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’सारख्या ड्रॅग शर्यतीत एकामागून एक फेऱ्या मारताना, छोटा इंटरकूलर स्वतःच तापून जातो आणि गाडी ‘मरते’. मोठा ठोकळा ही घसरण लांबवतो. ईसीयू रीमॅप करून टर्बोचा दाब वाढवला असेल, तर मोठा इंटरकूलर ही चैन न राहता गरज होते.

रोज बदलापूरहून कल्याणला जाणाऱ्याचे काय? इंटरकूलरला वारा लागतो आणि वारा गाडी पळाली तरच मिळतो. उल्हासनगरच्या शांतीनगर परिसरात किंवा अंबरनाथच्या चौकांत गाडी रांगेत उभी असताना पुढच्या ट्रकचा धूर आणि तापलेला डांबरी रस्ता, एवढेच त्याच्या वाट्याला येते. एप्रिल-मेमध्ये बदलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा तर इंटरकूलर हवा थंड करण्याऐवजी बॉनेटखालची उष्णता साठवत बसतो. अशा वापरासाठी हजारो रुपये घालणे हा निव्वळ हौसेचा भाग आहे.

पैसे कुठे वाचतात आणि कुठे वाचवू नयेत?

ऑनलाइन मिळणारा तयार ‘युनिव्हर्सल’ इंटरकूलर आकारानुसार साधारण दहा-पंधरा हजारांच्या घरात जातो. पाइप, सिलिकॉनचे जोड, क्लॅम्प, ब्रॅकेट आणि मजुरी धरली तर खर्च सहज दुपटीकडे सरकतो. म्हणून अनेक जण कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या भागांच्या बाजारात जाऊन दुसऱ्या एखाद्या गाडीचा कंपनीचा इंटरकूलर उचलतात. कल्पना वाईट नाही. कंपनीचा जुना भाग अनेकदा नव्या निनावी मालापेक्षा चांगला असतो. पण तो ज्या गाडीतून निघाला, तिचा टर्बो फुटलेला असेल तर? चक्राच्या पात्यांचे धातूचे कण तेलासोबत आतल्या पट्ट्यांमध्ये अडकून राहतात आणि नव्या गाडीत सुटून थेट सिलिंडरमध्ये जातात. आत डोकावून दिसत नाहीत. आत तेलाचा हलका थर असणे नेहमीचे, पण काळपट तेलात चमकणारी चूर दिसली तर तो ठोकळा फुकटातही घेऊ नये.

पाइपांच्या बाबतीत सगळ्यात मोठी चूक ‘जाड ते चांगले’ ही. दोन मीटर लांबीच्या दोन इंची पाइपात सुमारे चार लिटर हवा मावते, अडीच इंचीत सव्वासहा लिटर. टर्बोला दाब तयार करण्यापूर्वी ही सगळी पोकळी भरावी लागते, म्हणून अॅक्सिलरेटर दाबल्यानंतर गाडी उचल घ्यायला जास्त वेळ लावते. एक-दीड लिटरच्या इंजिनाला दोन ते सव्वादोन इंच पुरतात. सायलेन्सर बनवणाऱ्यांकडे पाइप झटपट वाकवून मिळतो आणि स्वस्तही पडतो, पण तो साध्या लोखंडाचा असतो. आपल्या पावसाळी हवेत आतून गंज धरतो आणि गंजाचे पापुद्रे इंजिनाच्या दिशेने जातात. स्टेनलेस किंवा अॅल्युमिनियमच घ्यावा.

जोडणीचे काम मात्र जाणकाराकडेच द्यायला हवे. अॅल्युमिनियम सुमारे ६६० अंशांना वितळतो, पण त्याच्या पृष्ठभागावरच्या ऑक्साइडच्या थराला दोन हजार अंशांच्या वर तापमान लागते. तो थर फोडण्यासाठी एसी करंटवर चालणारे आर्गन वेल्डिंग लागते. ग्रिल-खिडक्यांच्या साध्या मशीनवर हे होत नाही. वर एम-सील लावून दिलेला जोड महिनाभरही टिकत नाही. अंबरनाथच्या आनंदनगर किंवा बदलापूरच्या मानकिवली एमआयडीसीसारख्या औद्योगिक भागात आर्गनचे काम करणारे शोधावेत, कारण कारखान्यांच्या टाक्या आणि पाइप जोडणाऱ्या हातांना हा धातू रोजचा असतो. पाइपाच्या टोकाला बारीक कडा उठवून घ्यायलाही सांगावे. ती नसेल तर दाब वाढताच होज पाइप निसटतो आणि नेमका ओव्हरटेक करताना निसटतो.

काम झाल्यावर गळती कशी तपासायची, हे बहुतेक गॅरेजमध्ये वगळले जाते. टर्बोच्या आधीच्या तोंडाला प्लंबिंगच्या दुकानातले पीव्हीसीचे एंड कॅप बसवून त्यात टायरचा व्हॉल्व्ह लावतात, रेग्युलेटर असलेल्या कॉम्प्रेसरने गाडीच्या नेहमीच्या बूस्टइतकाच दाब देतात आणि प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी मारतात. फुगे आले तिथे गळती. पंक्चरवाल्याचीच पद्धत, पण पंक्चरवाल्याइतका दाब देऊन चालत नाही. ज्या गाड्यांत टर्बोच्या आधी हवा मोजणारा सेन्सर असतो, त्यांत पुढे गळती असेल तर संगणक मोजलेल्या हवेनुसार पेट्रोल सोडतो आणि हवा वाटेतच उडून जाते. मग काळा धूर, घसरलेले मायलेज आणि हळूहळू खराब होणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, असा क्रम ठरलेला.

काही गाड्यांना हा मार्गच लागू नाही. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या १.० टीएसआय इंजिनात इंटरकूलर समोर नसतो. तो इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला आणि पाण्याने थंड होणारा असतो. अशा गाडीला समोर ठोकळा लावायचा म्हणजे सगळी मांडणीच बदलावी लागते.

समोर बसवला की काय बिघडते?

बंपरमागची जागा रिकामी नसते. एसीचा कंडेन्सर आणि त्यामागे रेडिएटर आधीच वाऱ्याच्या रांगेत उभे असतात. त्यांच्यापुढे मोठा इंटरकूलर आला की दोघांचा वारा अडतो. गर्दीत एसी गार करत नाही आणि इंजिनाचा काटा वर सरकतो. त्याहून गंभीर म्हणजे जागा करण्यासाठी बंपरमागची आडवी पट्टी कापणे. धडकेचा जोर झेलण्यासाठीच ती पट्टी असते आणि पुढच्या भागात एअरबॅगचे सेन्सरही असू शकतात. ‘थोडीच तर कापली’ हे उत्तर ऐकून गाडी ताब्यात घेऊ नये.

पावसाळ्याचा मुद्दा या पट्ट्यात वेगळा सांगायला नको. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान अडकली होती. नुसता इंटरकूलर भिजल्याने काही बिघडत नाही. पण त्याच्यासोबत एअर फिल्टर खाली, बंपरच्या पोकळीत सरकवला असेल, तर गुडघाभर पाण्यातही इंजिन पाणी ओढू शकते. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन खोलावे लागते. फिल्टर कंपनीने ठेवलेल्या उंचीवरच राहू द्यावा.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी के. जयचंद्र प्रकरणात हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते.

कलमात सुट्या भागांची यादी नाही. ‘बदल’ म्हणजे वाहनाच्या रचनेतला असा फेरफार, ज्याने त्याचे मूळ वैशिष्ट्य बदलते, अशी त्यातली व्याख्या आहे. फुटलेला इंटरकूलर काढून त्याच जागी, त्याच मापाचा दुसरा बसवणे ही सरळ दुरुस्ती म्हणता येईल. बंपरची पट्टी कापून, रीमॅप करून ताकद वाढवलेली गाडी दुरुस्तीच्या नावाखाली दाखवणे अवघड आहे. ‘एमएच ०५’ पाटीच्या गाड्यांचा कारभार कल्याण आरटीओकडे असतो, त्यामुळे काम करण्याआधी तिथे विचारून घेणे सोयीचे. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतर सर्वेक्षकाच्या नजरेस आला तर दावा अडू शकतो. वॉरंटी शिल्लक असेल तर इंजिनाशी संबंधित कामांत तीही वादात सापडते.

मग कोणी करावे?

कंपनीचा इंटरकूलर फुटला आहे, नव्या भागाची किंमत जुन्या गाडीच्या मानाने अवाच्या सवा आहे, अशा मालकासाठी स्थानिक कारागिरांकडून तेवढ्याच मापाचा ठोकळा बसवून घेणे हा शहाणपणाचा सौदा आहे. अनेकदा तर फुटलेला नसतोच, प्लास्टिकच्या टाकीची कड किंवा एखादा होज गळत असतो आणि काही शेकड्यांत काम भागते. म्हणून ‘गाडी ओढत नाही’ म्हणून नवा इंटरकूलर घेण्याआधी साबणाच्या पाण्याची तपासणी जुन्यावरच करून पाहावी.