जुन्या सिंथेसायझरची नक्कल कानाला ओळखू येते का?

पालमसारख्या तालुक्याच्या गावात लग्नसराई सुरू झाली, की वाद्यवृंदाच्या गाडीतून ढोलकीबरोबर एक कीबोर्डही उतरतो. त्याच कीबोर्डातून सनई निघते, बासरी निघते आणि जुन्या हिंदी गाण्यांतला तो गुबगुबीत, सरकता इलेक्ट्रॉनिक आवाजही निघतो. भजनाला बसलेली मंडळी तानपुऱ्याऐवजी मोबाइलवरचे ॲप सुरू करतात. हौशी तरुण लॅपटॉपवर चाली बांधतात आणि पडद्यावर चाळीस वर्षांपूर्वीच्या यंत्रांची चित्रे उघडून त्यांची बटणे माउसने फिरवतात. मूळ यंत्र यांपैकी बहुतेकांनी डोळ्यांनी पाहिलेले नसते.

आता प्रश्न असा, की पडद्यावरचे हे यंत्र मूळ यंत्रासारखे खरोखर वाजते का? की जाणकार म्हणतात तशी नकलेत काही तरी कमी असतेच? प्रश्न हौसेचा वाटला तरी त्याचे उत्तर भौतिकशास्त्रात, गणितात आणि आपल्या कानात दडलेले आहे.

मुंबईतली एक तबकडी

या विषयातले एक गाजलेले उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. चरणजित सिंग हे मुंबईच्या चित्रपटसृष्टीतले वादक. १९८२ मध्ये त्यांनी तीन नवीकोरी जपानी यंत्रे घेऊन दहा रागांची एक तबकडी ध्वनिमुद्रित केली. भैरव, ललित, तोडी, यमन, मालकंस असे राग आणि खाली डिस्कोचा ठेका. रोलँड कंपनीची ‘ज्युपिटर-८’, ‘टीआर-८०८’ आणि ‘टीबी-३०३’ ही ती यंत्रे. तबकडी तेव्हा फारशी चालली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा जगभरचे रसिक चकित झाले. कारण अमेरिकेतल्या शिकागोत ‘ॲसिड हाउस’ या नावाने जे नृत्यसंगीत १९८७ च्या सुमारास गाजले, त्याच्या जवळ जाणारा आवाज मुंबईत पाच वर्षे आधीच निघाला होता. चरणजित सिंग २०१५ मध्ये मुंबईत वारले.

त्या आवाजात ‘टीबी-३०३’चा वाटा मोठा होता. बास गिटार वाजवणारा सोबती नसेल तर त्याची जागा भरून काढायची, एवढ्यासाठी हे छोटे यंत्र बनवले गेले होते. त्यात ते सपशेल नापास झाले आणि काही वर्षांतच त्याचे उत्पादन थांबले. मात्र एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकण्याची त्याची रीत आपल्या मींडेच्या जवळ जाणारी होती. आज हे यंत्र दुर्मीळ झाले असून त्याची किंमत लाखांच्या घरात आहे. ‘ज्युपिटर-८’ तर त्याहून कितीतरी महाग. म्हणूनच नक्कल किती खरी, या प्रश्नाला महत्त्व आहे. नक्कल खरी असेल, तर एकेकाळी मोठ्या शहरातल्या मोजक्या वादकांकडेच असलेला आवाज पालममधल्या लॅपटॉपवरही मिळू शकतो.

आवाज गाळणारी शिडी

जुना ॲनालॉग सिंथेसायझर म्हणजे विजेच्या दाबाचे खेळणे. एक भाग वेगाने वरखाली होणारा दाब तयार करतो, तो सूर. या कच्च्या सुरात मूळ स्वराबरोबर असंख्य उपस्वर असतात, त्यामुळे तो करकरीत लागतो. पुढचा भाग म्हणजे गाळणी, अर्थात फिल्टर. ती वरचे उपस्वर गाळते आणि आवाज मऊ करते. अमेरिकी अभियंते रॉबर्ट मूग यांची गाळणी सर्वांत प्रसिद्ध. तिच्यात ट्रान्झिस्टरच्या जोड्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या एकावर एक रचलेल्या असतात. १९७० मध्ये आलेल्या ‘मिनिमूग’चा भरदार आवाज या शिडीतून येतो.

गंमत अशी, की ही शिडी आदर्श वागत नाही. आवाज मोठा झाला, की ट्रान्झिस्टर दमतो. दाब दुप्पट दिला तरी बाहेर दुप्पट येत नाही, लहर थोडी चेपली जाते. या चेपण्यामुळे नवे उपस्वर तयार होतात आणि कानाला तो ऊबदारपणा वाटतो. अभियांत्रिकीच्या भाषेत हा दोष, संगीताच्या भाषेत गुण. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जिवारी लावतात, तेव्हा तारेचे स्वच्छ कंपनच बिघडवले जाते. त्या बिघाडातून तानपुरा बोलू लागतो. तसेच हे.

संगणकाला अडते कुठे?

संगणक आवाज अखंड पाहत नाही, तुकड्यांत मोजतो. सीडीच्या दर्जाचा आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजला जातो. त्यामुळे त्यात २२,०५० हर्ट्झपर्यंतचेच स्वर मावतात. समजा, सॉफ्टवेअरने ५,००० हर्ट्झचा करवती सूर तयार केला. त्याचे उपस्वर १०, १५, २० आणि २५ हजार हर्ट्झवर येतात. शेवटचा मर्यादेबाहेरचा आहे. तो नाहीसा होत नाही, तर परत दुमडून १९,१०० हर्ट्झवर येऊन बसतो. त्याहून वरचे उपस्वर आणखी खाली येतात आणि मूळ सुराशी न जुळणारी किरकिर निर्माण करतात. सुरुवातीच्या सॉफ्टवेअरचा आवाज पत्र्यासारखा वाटे, त्याचे हे एक मोठे कारण. उपाय म्हणजे आत चार किंवा आठ पट वेगाने गणित करायचे आणि शेवटी जादाचा भाग गाळून टाकायचा. नाही तर सूर असा घडवायचा, की मर्यादेबाहेरचे उपस्वर मुळात तयारच होऊ नयेत.

दुसरी अडचण जास्त नाजूक आहे. मूगच्या गाळणीत बाहेर पडलेला आवाज पुन्हा आत सोडला जातो. तारेत हे जणू त्याच क्षणी घडते. संगणक मात्र पुढचा आकडा काढण्यासाठी आधीच्या आकड्यावर विसंबतो. म्हणजे एका मापाचा, सुमारे २३ मायक्रोसेकंदांचा उशीर होतो. एवढ्याशा उशिरानेही वरच्या पट्टीत गाळणीचा सूर हलतो. १९९६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या टिम स्टिल्सन आणि ज्युलियस स्मिथ यांनी या गाळणीचे गणित तपासले. २००४ मध्ये फिनलंडच्या अंटी हुओविलाइनेन यांनी शिडीच्या प्रत्येक पायरीचे दमणेही त्या गणितात घातले. त्यानंतर प्रत्येक मापाला संपूर्ण समीकरण सोडवून तो उशीर टाळण्याच्या पद्धती रूढ झाल्या. हे गणित जड आहे, पण आजच्या साध्या लॅपटॉपला ते पेलते.

तिसरी अडचण यंत्राच्या आठवणीची. ‘टीबी-३०३’मध्ये एखाद्या स्वरावर जोर दिला, की एका धारित्रात, म्हणजे कपॅसिटरमध्ये, थोडा भार साठतो. तो पूर्ण रिकामा होण्याआधी पुन्हा जोर दिला, तर आवाज पहिल्यापेक्षा जास्त उघडतो. स्वर सरकतानाही आधी झपकन आणि मग हळू असा पोचतो. हे न कळता कोणी सरळ रेषेत सूर सरकवला, तर स्वर सगळे बरोबर येतात, पण चाल हरवते. स्वीडनमध्ये तयार झालेल्या ‘रीबर्थ’ने नव्वदच्या दशकात ‘३०३’ आणि ‘८०८’ संगणकावर आणले. २०१४ मध्ये खुद्द रोलँडनेच आपल्या जुन्या सर्किटचे घटक एकेक करून गणितात उतरवलेली नवी यंत्रे बाजारात आणली.

कोणत्या यंत्राची नक्कल?

येथे एक मुळातलाच पेच आहे. जुन्या यंत्रांतले रोधक पाच टक्क्यांनी आणि धारित्रे दहा टक्क्यांनी इकडेतिकडे असत. म्हणून एकाच कारखान्यातून निघालेली दोन यंत्रेही तंतोतंत सारखी वाजत नसत. ‘टीआर-८०८’ची गोष्ट तर याहून मजेशीर. त्याच्या खरखरीत आवाजासाठी सदोष ट्रान्झिस्टर मुद्दाम निवडून घेतले जात, असे रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी सांगितले होते. ट्रान्झिस्टरचे कारखाने सुधारले, तसा सदोष माल मिळेनासा झाला आणि यंत्राचे उत्पादन थांबले. त्यातच चाळीस वर्षांत धारित्रे सुकतात, बटणांत धूळ बसते. तेव्हा नक्कल करायची ती १९८२ च्या नव्या यंत्राची, की आजच्या म्हाताऱ्या यंत्राची?

शिवाय तापमान आहेच. सिंथेसायझरमध्ये पट्टी ठरवणारा ट्रान्झिस्टर उष्णतेला हळवा असतो. भरपाईची सोय नसेल, तर दर अंश सेल्सिअसला स्वरांमधले अंतर सुमारे ०.३३ टक्के बदलते. परभणी जिल्ह्यात उन्हाळ्याची दुपार ४२ अंशांपुढे जाते. सकाळी ३२ अंशांना जुळवलेले यंत्र तेव्हा दहा अंशांनी तापलेले असेल. मग तीन सप्तके वरचा षड्ज एक अर्धस्वर उतरून आणखी थोडा खाली जाईल. म्हणून चांगल्या यंत्रांत तापमानाबरोबर बदलणारा खास रोधक बसवत, तरीही थोडे हलणे उरतेच. आता सॉफ्टवेअरवाले हे हलणेसुद्धा मुद्दाम घालतात. काही सॉफ्टवेअरमध्ये ते किती असावे, हे ठरवायला एक बटणही असते.

निवाडा कानाचा

मग फरक उरतो किती? चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये तो साध्या वादनात फारच थोडा असतो. गाळणी टोकाला नेऊन ओरडवली, आवाज मुद्दाम फाडला किंवा एका सुराने दुसऱ्याला वेगाने हलवले, तेव्हा तो जास्त जाणवतो. ठेका, गायन आणि इतर वाद्ये मिसळल्यावर तो ओळखणे जाणकारांनाही अवघड जाते.

पण कानावर विश्वास ठेवताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. पहिली म्हणजे, दोन आवाजांत जो किंचित मोठा तो कानाला चांगला वाटतो, आणि जे यंत्र महाग असल्याचे माहीत असते तेही चांगले वाटते. म्हणून आवाज समान पातळीवर आणून, नाव झाकून चाचणी घ्यावी. सोळा वेळा ऐकवून त्यात बारा किंवा अधिक वेळा बरोबर ओळखले, तर ते निव्वळ नशिबाने घडण्याची शक्यता शंभरात चारहून कमी असते. नऊ-दहा वेळा बरोबर आले, तर फरक ऐकू येतो असे म्हणता येत नाही.

दुसरी गोष्ट आरोग्याची. यंत्र आणि नक्कल यांतला बराचसा फरक वरच्या, बारीक उपस्वरांत असतो आणि वयाबरोबर कानाची नेमकी तीच बाजू आधी कमजोर होते. वरातीतल्या डीजेच्या भिंतीसमोर तासन्‌तास उभे राहिल्याने तीच बाजू तरुणपणीही जाते, कारण अंतर्कर्णातल्या सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. असे कान झालेल्या माणसाला लाखाचे यंत्र आणि फुकटची नक्कल सारखीच वाटू शकते.

सॉफ्टवेअरला जमत नाही ते वेगळेच आहे. खऱ्या यंत्रावर दोन हातांनी चार बटणे एकदम फिरवता येतात आणि कळ दाबताच आवाज येतो. संगणकात आवाज तुकड्यातुकड्यांनी पुढे जातो. २५६ मापांचा तुकडा धरला तर त्यालाच सुमारे सहा मिलिसेकंद लागतात, आणि स्वस्त मोबाइलवर उशीर त्याहून बराच वाढतो. ऐकणाऱ्याला तो कळत नाही, वाजवणाऱ्याच्या बोटांना कळतो. चांगले ध्वनिकार्ड आणि कळांची साधी पट्टी जोडली, की ही अडचणही बरीच कमी होते.

‘सर्ज एक्सटी’सारखी मुक्त सॉफ्टवेअर आज फुकट मिळतात. पालममधल्या मुलाला शिकण्यासाठी, चाल बांधण्यासाठी, ती ध्वनिमुद्रित करण्यासाठीही ती पुरेशी आहेत. जुने यंत्र परवडत नाही म्हणून काम अडते, असे आता राहिलेले नाही. चरणजित सिंगांनी वापरली ती यंत्रे त्या काळात इतरांकडेही होती. त्यातून दहा राग काढायचे मात्र त्यांनाच सुचले, कारण राग त्यांच्या कानात आधीपासून होते.