पायली किती किलोची?

पायली हे धान्य मोजण्याचे भांडे आहे, तोलण्याचे वजन नव्हे. त्यामुळे ‘एक पायली म्हणजे किती किलो?’ या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. जुनी भाषा याबाबतीत काटेकोर होती. भांड्याने मोजलेले ते ‘कैली’ आणि तराजूने तोललेले ते ‘वजनी’. मण आणि खंडी हे शब्द दोन्हीकडे चालत, म्हणून पेशवाईतल्या कागदांत धान्याच्या आकड्याजवळ ‘कैली’ असे मुद्दाम लिहिलेले आढळते. ते विशेषण गळून पडले आणि घोळ सुरू झाला.

उदाहरण म्हणून साखरा घ्या: हे हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यातले गाव. १९९९मध्ये हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत हा भाग परभणीत होता आणि १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात. आता या पट्ट्यात सोयाबीन, तूर, हरभरा आणि हळद यांचे राज्य आहे. मळणीयंत्रातून निघालेला माल थेट कट्ट्यात पडतो, कट्टा काट्यावर चढतो आणि भाव क्विंटलचा निघतो. या सगळ्या वाटेत पायलीला कुठे जागा उरलेली नाही. तरीही म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ज्वारीचा हिशेब पायल्यांतच असतो. सुगीवर बलुतेदाराला काय दिले, उसने बियाणे किती आणले, पेवात किती ठेवले, हे सगळे त्याच मापात सांगितले जाते. ते आजच्या मापात आणायचे, तर आधी जुन्या मापांची उतरंड माहीत हवी.

ही उतरंड दुपटीची आहे. दोन निळवी म्हणजे एक कोळवे, दोन कोळवी म्हणजे एक चिपटे, दोन चिपटी म्हणजे एक मापटे आणि दोन मापटी म्हणजे एक शेर. दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. म्हणजे चिपटे हे पाव शेर, मापटे हे अर्धा शेर आणि पायलीचे शेर चार. दुपटीच्या मापांना लेखणी लागत नाही. मोठे भांडे नसेल तर लहान भांडे दोनदा ओतावे. वाटणी करायची तर निम्मे-निम्मे करत खाली यावे. पाढ्यांतल्या पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी या असल्याच व्यवहारासाठी घोकून घेत. लिहितानाही पाव, अर्धा आणि पाऊण हे ।, ॥, ॥। अशा उभ्या दंडांनी दाखवत.

पायलीच्या वर मात्र ही सरळ चाल मोडते. वीस मणांची खंडी सगळीकडे मान्य, पण मणाच्या पायल्या किती? कुठे बारा, कुठे सोळा. बारा पायल्यांच्या मणाने मोजलेल्या धान्याला ‘बारुले’ असा वेगळा शब्दच होता. म्हणून जुन्या हिशेबात नुसता ‘मण’ सापडला, तर पहिला प्रश्न हाच विचारावा की तो कितीचा. बाराच्या मणाने खंडी २४० पायल्यांची होते, सोळाच्या मणाने ३२० पायल्यांची. एकाच नावाखाली ८० पायल्यांचा फरक आहे, आणि तो गुळगुळीत करून टाकणाऱ्या कोष्टकावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही.

यानंतर भांड्याकडे वळायचे. माळ्यावर पडलेली पत्र्याची किंवा पितळी पायली खाली काढली, पुसली आणि पाण्याने काठोकाठ भरली, की अर्धे काम झाले. पायली लाकडी किंवा फटीची असेल तर आत प्लास्टिकची पातळ पिशवी बसवावी. ते पाणी आजच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलावे. एक किलो पाणी म्हणजे एक लिटर, त्यामुळे काट्यावरचा आकडा हेच भांड्याचे लिटरमधले माप. आतून १६ सेंटिमीटर रुंद आणि २० सेंटिमीटर खोल असलेल्या गोल भांड्यात ४ किलो २० ग्रॅमच्या आसपास पाणी मावते. तेव्हा ही पायली ४ लिटरची आणि तिचा शेर १ लिटरचा धरायला हरकत नाही. शेजारच्या घरातली पायलीही तेवढीच असेल असे मात्र गृहीत धरू नये.

भांडे तपासताना तळ अवश्य पाहावा. जुन्या पत्र्याला बाहेरून मार बसून आत पोचा आलेला असतो. पोचा १० सेंटिमीटर रुंद आणि मध्यभागी जेमतेम १ सेंटिमीटर उंच असला, तरी तो सुमारे ४० मिलिलिटर जागा खातो. चार लिटरांत ४० मिलिलिटर म्हणजे शंभरातला एक भाग. एका पायलीत तो कोणाला दिसणार नाही, पण शंभर पायल्या मोजल्या की एक अख्खी पायली कमी भरते. ‘मापात पाप’ म्हणतात ते नेहमी मुद्दाम केलेलेच असते असे नाही. कधी ते भांडे हातातून निसटून दगडावर आपटल्याचेही असते.

खरी मेख तळापेक्षा काठाच्या वर आहे. सपाट माप म्हणजे काठावरून सरळ काठी फिरवून वरचे दाणे पाडलेले. शिगेचे माप म्हणजे दाणे घसरू लागेपर्यंत वर रचलेले. ही शीग किती धान्याची होईल हे भांड्याच्या तोंडावर ठरते. दाणे साधारण ३० अंशांच्या उतारावर टिकतात असे धरले, तर वरच्या १६ सेंटिमीटर तोंडाच्या पायलीवर सुमारे ३१० मिलिलिटरची शीग राहते, म्हणजे जवळपास ८ टक्के. तेच चार लिटर मावणारी पण २० सेंटिमीटर तोंडाची बसकी पायली घेतली, तर शीग ६०० मिलिलिटरची होते, म्हणजे १५ टक्के. पाण्याने मोजल्यावर दोन्ही भांडी बरोबरीची ठरतात. धान्याने भरल्यावर बसकी पायली देणाऱ्याला महाग पडते. भरताना भांडे हलवले किंवा ठोकले तर दाणे खाली बसतात आणि आणखी मूठ-दोन मुठी मावतात, हा फरक वेगळाच. म्हणून ‘पायलीभर’ दिल्याची नोंद वाचताना ती शिगेची की सपाट, हे कळल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

देण्याचे आणि घेण्याचे माप वेगळे ठेवण्याची चाल फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्रोण हे माप एकच नाही, चार आहेत. कोठारात येणाऱ्या धान्यासाठी २०० पळांचा द्रोण, बाजारव्यवहारासाठी १८७॥ पळांचा, वाटप करण्यासाठी १७५ पळांचा आणि अंतःपुरासाठी १६२॥ पळांचा. येताना मोठे माप, जाताना लहान, आणि तेही राज्याच्या नियमातच लिहिलेले! मापे कोरड्या, टणक लाकडाची असावीत आणि शीग मापाच्या चौथ्या भागाइतकी धरावी, किंवा ती मापातच समाविष्ट करावी, हेही त्याच ग्रंथात सांगितले आहे. उसने बियाणे सवाईने फेडणाऱ्या कुणब्याला हे शास्त्र ग्रंथ न वाचताही ठाऊक असे. सपाट पायलीने घेतलेले शिगेच्या पायलीने परत गेले, तर सवाई सवाईवर थांबत नाही.

आता धान्य. लिटरवरून किलोवर जाताना प्रत्येक धान्याचा गुणक निराळा. गहू, ज्वारी आणि डाळी लिटरला साधारण ७५० ते ८०० ग्रॅम भरतात. सोयाबीन किंचित हलके, ७०० ते ७५० ग्रॅम. साळ ५५० ते ६०० ग्रॅम आणि करडई त्याहून कमी, ५०० ते ५५० ग्रॅम. म्हणजे चार लिटरच्या त्याच सपाट पायलीत ज्वारी तीन किलो येते, तर करडई दोन-सव्वादोन किलोच. दाणा ओला असेल, बारीक असेल, त्यात काडीकचरा असेल तर हे आकडे हलतात. त्यामुळे शेवटचा शब्द काट्याचाच: घरचे धान्य त्याच पायलीत तीनदा भरून तोलावे आणि सरासरी काढावी. हळकुंडांना मात्र पायली कधीच लागू नव्हती. वेडीवाकडी हळकुंडे भांड्यात कशीही पडतात आणि मध्ये पोकळी राहते. माप चालते ते ओघळणाऱ्या दाण्याचे.

एवढे हाताशी आले की जुना आकडा सोडवता येतो. समजा, एका नोंदीत ३ मण, ५ पायल्या, २ शेर, १ मापटे ज्वारी आहे. सोळाच्या मणाने पायल्या झाल्या ५३, त्यांचे शेर २१२; त्यात २ शेर आणि मापट्याचा अर्धा मिळवला की २१४॥ शेर. एक लिटरच्या शेराने २१४॥ लिटर आणि लिटरला ७५० ग्रॅम धरून सुमारे १६१ किलो. मण बाराचा निघाला तर तीच नोंद ४१ पायल्यांची, १६६॥ शेरांची आणि सुमारे १२५ किलोंची होते.

खळ्यावर मात्र अनेकदा उलटा प्रश्न येई: समोर रास आहे, ती किती पायल्यांची निघेल? पहिल्या पायलीला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणून मोजणी सुरू होण्याआधीच अंदाज बांधावा लागे. त्याचा हिशेब भास्कराचार्यांच्या लीलावतीत आहे. लीलावती ज्याचा भाग आहे त्या सिद्धांतशिरोमणीचा काळ इ.स. ११५०, आणि लीलावतीत ‘राशिव्यवहार’ नावाचे प्रकरणच आहे. राशीच्या बुडाचा घेर मोजावा, त्याचा सहावा भाग घेऊन वर्ग करावा आणि उंचीने गुणावे. उंची मोजायचीही गरज नाही: जाड धान्याची उंची घेराच्या दहाव्या भागाइतकी, बारीक धान्याची अकराव्या आणि कुसळाच्या धान्याची नवव्या भागाइतकी धरावी. म्हणजे दाणा किती उतारावर थांबतो, हे आचार्यांनी घेराच्या भाषेत सांगून टाकले आहे. आजच्या कोनमापात ते उतार सुमारे ३२, ३० आणि ३५ अंश येतात. रास भिंतीला टेकली असेल तर अर्धी, आतल्या कोपऱ्यात असेल तर पाव आणि बाहेरच्या कोपऱ्याला वेढून असेल तर पाऊण, हेही त्यात आहे.

सहा मीटर घेराची ज्वारीची रास घेतली, तर सहावा भाग एक मीटर, वर्ग एक आणि उंची ६० सेंटिमीटर. उत्तर आले ६०० लिटर, म्हणजे चार लिटरच्या १५० पायल्या. ‘सहावा भाग’ घेताना परिघ व्यासाच्या तिप्पट धरला जातो, त्यामुळे उत्तर थोडे चढे येते. नेमके उत्तर ५७३ लिटर, म्हणजे १४३ पायल्या. दोरी आणि पाढा एवढ्या भांडवलावर पाच टक्क्यांच्या आत आलेला हा अंदाज आहे. वजन सव्वाचार क्विंटलच्या वर. आणि मणांत सांगायचे, तर ही एकच रास सोळाच्या मणाने नऊ मणांना किंचित कमी आणि बाराच्या मणाने जवळजवळ बारा मण.

भारतात १९५६च्या कायद्याने मेट्रिक मापे आली, १९५८पासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि साठीच्या दशकाच्या सुरुवातीला सक्तीची झाली. आता वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ प्रमाणे व्यापारात पायली-शेराने विक्री करता येत नाही. नावे मात्र टिकली. पावशेर आता पाव किलोला म्हणतात, पण ८० तोळ्यांचा वजनी शेर ९३३ ग्रॅमचा होता, म्हणजे खरा वजनी पावशेर २३३ ग्रॅमचा. वजनी मण ४० शेरांचा, ३७.३२ किलोंचा, कैली मणाशी त्याचे फक्त नाव जुळते. कापसाच्या बाजारात खंडी आजही भावात बोलली जाते आणि ती रुईच्या सुमारे ३५६ किलोंची असते. ही ७८४ पौंडांची मुंबईची खंडी, पायलीच्या खंडीशी तिचा संबंध नाही. माप आणि वजन यांतला घोळही टिकला: किराणा दुकानात तेलाच्या वेगवेगळ्या डब्यांवर १५ किलो आणि १५ लिटर हे दोन्ही आकडे दिसतात. लिटरभर तेल सुमारे ९१० ग्रॅम भरते, म्हणून १५ लिटरच्या डब्यात तेल पावणेचौदा किलोंहूनही थोडे कमी निघते.