सात रस्त्यावरची मोजदाद

सोलापुरात सकाळी साडेनऊला सात रस्ता चौकात उभं राहून रहदारी मोजायची, तर आधी ठरवावं लागतं की मोजायचं काय. स्टेशनाकडून रिक्षा येतात, विजापूर रस्त्याने एसट्या आणि ट्रक, कॉलेजच्या वेळेला स्कूट्यांची झुंबड. सगळ्यांना वहीत सारखीच एकेक रेघ ओढली, तर त्या आकड्यावरून रस्ता किती रुंद हवा हे कळत नाही. म्हणून इंडियन रोड्स काँग्रेसने १९९० साली शहरी रस्त्यांसाठी जे मार्गदर्शन केलं, त्यात प्रत्येक वाहनाला भार दिला आहे. मोटार १, दुचाकी ०.५ ते ०.७५, ट्रक आणि बस २.२ ते ३.७. टांग्यालासुद्धा १.५ ते २ असा भार आहे, हे वाचून मला बरं वाटलं होतं.

मी नेटवर्कचं काम करतो. त्यातलं मला मनापासून आवडणारं काम म्हणजे नेटवर्कवरच्या रहदारीवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेचा अंदाज बांधणं: डिस्क केवढी, मेमरी किती, नेटवर्क कार्ड कुठल्या वेगाचं. या कामात चौकातला हिशेब उलटा होतो. रस्त्याला ट्रक जड जातो, मोजणाऱ्या यंत्राला स्कूट्या.

इथली वाहनं म्हणजे पॅकेटं, माहितीचे छोटे गठ्ठे. इथरनेटचं सगळ्यात लहान पॅकेट ६४ बाइटचं. त्याच्या पुढची खूण आणि मागची मोकळी जागा धरली की तारेवर ते ८४ बाइटची जागा घेतं. एक गिगाबिटची लाइन अशा पॅकेटांनी भरली, तर सेकंदाला १४,८८,०९५ पॅकेटं जातात. तीच लाइन १५०० बाइट माल भरलेल्या मोठ्या पॅकेटांनी भरली, तर जेमतेम ८१ हजार. लाइन दोन्ही वेळा तेवढीच भरलेली, आलेखावरची रेघही तेवढीच उंच. पण यंत्राला प्रत्येक पॅकेटचा पत्ता वाचावा लागतो, कुठून आलं आणि कुठे चाललं हे बघावं लागतं. म्हणजे मेहनत अठरा पट. ‘आमची लाइन अमुक एमबीची आहे, त्याला पुरेल असं मशीन द्या’ असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो, पॅकेटं किती?

साठवणुकीचा हिशेब मात्र सोलापूरकराला शिकवावा लागत नाही. चार-चार, पाच-पाच दिवसांनी नळाला पाणी येण्याची सवय असलेल्या या गावात घर बांधताना हौद केवढा हवा, हे बायामाणसं बोटांवर सांगतात: घरात माणसं किती, रोजचा वापर किती, मधले दिवस किती. इथेही तोच गुणाकार. समजा, एका कार्यालयाच्या लाइनवर दिवसाचे दहा तास सरासरी १२० मेगाबिटची रहदारी आहे. म्हणजे सेकंदाला १५ मेगाबाइट, तासाला ५४ गिगाबाइट, दिवसाला ५४०. केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने, म्हणजे सर्ट-इनने, एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार संगणक यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. कुणी हौसेने सगळी रहदारी जशीच्या तशी तेवढे दिवस ठेवायची म्हटलं, तर ९७ टेराबाइट लागतील.

त्यावरचा उतारा १९९६ च्या सुमारास सिस्कोच्या राउटरांमध्ये आला. त्याचं नाव नेटफ्लो. अख्खं संभाषण साठवायचं नाही. कोण कोणाशी, कधी आणि किती बोललं एवढंच टिपायचं. पाचव्या आवृत्तीत अशी एक नोंद ४८ बाइटची असते. सेकंदाला ६०० नोंदी धरल्या तरी दहा तासांत एक गिगाबाइट, १८० दिवसांत दोनशेच्या आत. ९७ टेराबाइटचा हौद एका साध्या डिस्कवर आला. कुणी कुणाला काय सांगितलं ते यात कळत नाही, आणि बहुतेक वेळा ते कळायची गरजही नसते.

या ६०० च्या आकड्यानेच मला एकदा तोंडघशी पाडलं. एका कार्यालयात मी दोन आठवड्यांची सरासरी काढून यंत्र बसवलं होतं. एका दुपारी तिथला एक संगणक व्हायरसने पछाडला आणि दिसेल त्या पत्त्याचं दार ठोठावू लागला, सेकंदाला हजारभर दारं. प्रत्येक ठोका एक चिमुकलं पॅकेट. सगळे मिळून लाइनचा एक मेगाबिटही खात नव्हते. वापराचा आलेख शांत होता. पण प्रत्येक ठोका म्हणजे नवी नोंद. चालू नोंदींचा मेमरीतला तक्ता भरला आणि ज्या तासात नोंदी हव्या होत्या, नेमक्या त्याच तासाच्या गळाल्या. लाइन मी बरोबर मोजली होती, नोंदी मोजल्या नव्हत्या. चूक माझीच.

सरासरी फसवते, हे कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या ए. के. एरलांगने फार पूर्वी ओळखलं होतं. लोक मनाला येईल तेव्हा फोन उचलतात, मग एक्स्चेंजमध्ये तारा किती ठेवायच्या, याचं गणित त्याने १९०९ पासून मांडलं, आणि ते गर्दीच्या वेळेसाठी मांडलं. आमच्याकडे बहुतेक आलेख पाच मिनिटांची सरासरी दाखवतात. लाइन दहा सेकंद पूर्ण तुंबली आणि उरलेला वेळ वीस टक्क्यांवर राहिली, तर आलेखावर २३ टक्के दिसतात. त्या दहा सेकंदांत ज्यांचं काम अडकलं त्यांनी तक्रार केली, तर आलेख त्यांनाच खोटं पाडतो. गड्डा यात्रेची गर्दी वर्षाच्या सरासरीत शोधण्यासारखंच ते.

आणखी एक खोच स्विचच्या मिरर पोर्टची, म्हणजे रहदारीची नक्कल मोजणाऱ्या यंत्राकडे पाठवणाऱ्या पोर्टची. जाणारी आणि येणारी अशी दोन्हीकडची रहदारी या एका पोर्टवर उतरते. गिगाबिटची लाइन दोन्ही बाजूंनी भरली तर दोन गिगाबिट होतात, आणि पोर्ट एकाचाच. उरलेलं स्विच गुपचूप टाकून देतो. म्हणून मी आता मिरर पोर्ट लाइनच्या दुप्पट वेगाला कमी पडणार नाही असाच घेतो. नोंदींचा तक्ता रोजच्या पाचपट धरतो, आणि मोजणीचे आठवडे निवडताना त्यात महिनाअखेर येईल असं बघतो.

परवा चौकापासून जवळच एका कार्यालयात नवं यंत्र लावलं. संध्याकाळी सहाला निघताना गळालेल्या पॅकेटांचा आकडा शून्य होता. पण त्या दिवशी निम्मी माणसं रजेवर होती. सोमवारी पगाराची तारीख आहे, तेव्हा अकरा वाजता परत जाऊन बघणार आहे.