अनोळखी शहरात डोके का शिणते?

पुण्याच्या पेठांत पहिल्यांदाच गाडी घालणारा माणूस अर्ध्या तासात घामाघूम होतो. शिवाजी रस्ता एकेरी, बाजीराव रस्ताही एकेरी, पण उलट दिशेचा. मुरलेला पुणेकर मात्र त्याच गर्दीतून निवांत जातो, कारण त्याच्या डोक्यात नकाशा तयार असतो. मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात ठिकाणांची नोंद ठेवणाऱ्या पेशी असतात. त्या शोधून काढणारे जॉन ओकीफ २०१४च्या नोबेलचे एक मानकरी ठरले.

नवख्याला हा नकाशा रचायचा असतो आणि त्याच वेळी समोरची रिक्षाही चुकवायची असते. लक्ष मात्र मर्यादित. पाटी वाचण्यात मन गुंतले की रस्ता ओलांडणारी व्यक्ती डोळ्यांसमोर असूनही ध्यानात येत नाही. पायी चालणाऱ्याचेही तेच. पदपथ दुचाक्यांनी अडवलेला, म्हणून तो रस्त्यावर उतरतो, तेही मोबाइलमध्ये पाहत!

निघण्यापूर्वी वाटेवरचे दोन-तीन मोठे चौक लक्षात ठेवावेत. मोबाइलवरचा नकाशा गाडी कडेला थांबवूनच पाहावा. चालणाऱ्यानेही बाजूला उभे राहून. वळण चुकलेच तर मागच्यांनी कितीही हॉर्न वाजवले तरी तिथेच गाडी मागे घेऊ नये. पुढच्या चौकातून वळून यावे. पाच-दहा मिनिटे जातील, जाऊ द्यावीत.